टाकी तुमची, सुई ह्यांची

जेलरोड, नाशिकरोड
३ नोव्हेंबर २०२४, भाऊबीज

यादव भावजी,

दोनदा फोन लावला, दोन्ही वेळा तुम्ही कापलात. पत्र कापता येत नाही. फाडता येईल, पण तुमचा स्वभाव मला ठाऊक आहे. आधी वाचाल आणि मग फाडाल. मला तेवढं पुरे आहे.

मनमाड काही विलायतेत नाही. सकाळच्या गाडीत बसलं तर माणूस इथे पोह्यांना हजर होतो. दहा-अकरा वर्षांत तुम्हाला ती गाडी काही सापडली नाही. असो, सणाच्या दिवशी भांडत नाही. आज माझे दोन्ही भाऊ येऊन ओवाळून घेऊन गेले, घरात चकली-करंजी उरली आहे, आणि माझं तुमच्याकडे काम आहे.

काम विमानाचं आहे. तुम्ही गेल्यावर ह्यांनी रिमोटवर उडणारं एक नवीन विमान बांधलं, पिवळ्या पंखांचं. आत इंजिन मात्र तेच, तुम्हा दोघांचं. लाल विमानाचा चुरा झाला त्यातून इंजिन आणि टाकी तेवढी धड निघाली होती, तीच ह्यात बसवली. हे विमान आजवर एकदाही नीट उडालेलं नाही. जमिनीवर इंजिन एकसारखं चालतं. पण हवेत गेलं आणि नाक वर झालं की आवाज चिरका होत जातो आणि बंद पडतं. चार-पाचदा असं झाल्यावर ह्यांनी "इंजिन म्हातारं झालं" म्हणून विमान हॉलच्या भिंतीला टांगून टाकलं. तेव्हापासून मी त्याच्यावरची धूळ पुसते.

मला ते उडालेलं पाहायचंय, आणि ह्यांना दाखवायचंय. ह्याच हिवाळ्यात. आता का म्हणून विचारू नका. इंजिनाचं पेट्रोल कुठे अडतंय ते तुम्ही सांगा, शोधायचं काम मी करते. पेट्रोल म्हटलं की तुम्ही किती चिडायचात. "वहिनी, मिथेनॉल म्हणा, मिथेनॉल आणि एरंडेल!" मी लग्न होऊन आले तेव्हा सासूबाईंच्या स्वयंपाकघरात फोडणीच्या वासाआधी एरंडेलाचा वास यायचा. माझ्या रुखवतातली इस्त्री घेऊन तुम्ही विमानाच्या पंखांवर कापड चढवलंत, आणि वर मलाच म्हणालात, "वहिनी, इस्त्री छान आहे, साड्यांवर वाया घालवू नका." तेव्हा मला राग आला होता. आता ती इस्त्री पाहिली की हसू येतं.

आपल्या घरात विमानाची खाती वाटलेली होती. टाकी आणि तिच्या नळ्या तुमच्या. सुई ह्यांची, म्हणजे इंजिनात किती तेल जाऊ द्यायचं ते ठरवणारा तो खटखट फिरणारा बारका स्क्रू. एकाच्या खात्यात दुसऱ्यानं बोट घालायचं नाही. मग त्या सव्वीस जानेवारीला लष्करी कॅम्पातल्या मैदानावर, शाळेच्या पोरांसमोर, लाल विमान चढता चढता बंद पडलं आणि खाली येऊन फुटलं. हे ओरडले, "टाकी तुझी होती!" तुम्ही ओरडलात, "सुई तुझी होती!" माणसं जमिनीवरून भांडतात, भाऊबंदकीत कोर्टात जातात. तुम्ही दोघं एका वाटीभर तेलावरून बोलायचे थांबलात. कुणाला सांगायचीही लाज वाटते मला.

ह्यांचा मणका दुखतोय, बसून लिहिणं होत नाही, म्हणून मी लिहितेय. सिंधूला आणि पोरांना आशीर्वाद.

ललितावहिनी


१९ नोव्हेंबर २०२४

यादव भावजी,

कार्ड मिळालं. वर वहिनी नाही, खाली सही नाही. नुसतं "जुनं इंधन फेका. गाळणी धुवा. बाहेरची नळी बदला. मग सांगा." अहो, डॉक्टरसुद्धा चिठ्ठीवर पेशंटचं नाव घालतो. पण अक्षर तुमचंच, उजवीकडे कललेलं, गाडी सुटत असल्यासारखं. पाहून बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

सांगितलंत तसं सगळं केलं. जुन्या डब्यातलं इंधन फेकून दिलं. तेजस्विनीनं पुण्याहून नवीन मागवून दिलं, आणि फोनवर "आई, तू ह्या वयात काय करतेयस" असं भाषणही दिलं. पोरगी तुमच्या वळणावर गेली आहे. गाळणी उघडली तर आत एरंडेल घट्ट होऊन बसलेलं, जुन्या समईच्या तळाला बसतं तसं. टाचणीनं कोरून काढलं. बाहेरची नळी नवी, पारदर्शक बसवली, आतलं तेल जाताना दिसतं. टाकी सिरिंजनं भरली. घरात सिरिंजा हल्ली भरपूर आहेत.

मग विमानाची शेपटी ॲक्टिव्हाच्या स्टँडला बांधली, प्लगला बॅटरी लावली, आणि तुमच्या त्या रबर चढवलेल्या दांडक्यानं पंख्याला फटका दिला. पाच-सहा फटके वाया गेले. मग एकदम सुरू झालं! शेजारच्या मीनाताई पिठाचे हात घेऊन धावत आल्या, त्यांना वाटलं आमचा मिक्सर पेटला. मी त्यांना हातानंच थांबवलं. अंगणभर तो वास सुटला आणि मी क्षणभर अठ्ठावीस वर्षांची झाले. वाटलं, आता आतून सासूबाई ओरडणार, "यादव, पोरीचा पदर सांभाळ त्या पंख्यापासून!"

ह्यांची खुर्ची मी दाराशी आणून ठेवली होती. ह्यांनी डोळे मिटले, मान एका बाजूला केली, आणि डाव्या हाताचं बोट खुर्चीच्या दांड्यावर हलायला लागलं. उजवीकडे, उजवीकडे, थांब. सुई फिरवतात तसं.

पण मी शेपटी सोडून विमानाचं नाक वर उचललं, तर तीच रड. आवाज बारीक झाला, चिरकला आणि बंद. मात्र ह्या वेळी नव्या नळीत मला एक गोष्ट दिसली. बुडबुडे. विमान आडवं असताना एकही नाही, नाक वर केलं की बुडबुड्यांची रांग. ह्याचा अर्थ काय ते लगेच कळवा. आणि कार्डावर निदान "वहिनी" एवढं लिहा, त्याला वेगळं तिकीट लागत नाही.

ललितावहिनी


४ डिसेंबर २०२४

यादव भावजी,

"वहिनी, बुडबुडे म्हणजे हवा टाकीतून येते. टाकी उघडा. दादा काय म्हणतो?"

वहिनी लिहिलंत. दादाही लिहिलंत. ते कार्ड मी दोनदा वाचलं, मग देवापुढे ठेवलं, मग उचलून ह्यांना दाखवलं. आता मला खोटं रेटता येणार नाही.

दादा काहीच म्हणत नाही, भावजी. मणका-बिणका सगळं थाप आहे. होळीच्या आदल्या दिवशी दाढी करता करता हे बेसिनपाशी खाली बसले. अर्धांगवायू. उजवा हात गेला, पाय थोडा वाचला, आणि बोलणं गेलं. दवाखान्यात मी म्हटलं, यादव भावजींना कळवते. तर डाव्या हातानं माझं मनगट असं धरलं की व्रण उठला. मान नाही, नाही अशी हलवत राहिले. मी सगळ्या नातलगांना मणका सांगितला. तुम्ही दया म्हणून धावत यावं आणि ह्यांनी तुमच्यासमोर लाळ पुसून घेत बसावं, हे मलाही नको होतं. ह्यांना यादव हवा होता. भेटीला येणारे पाहुणे रग्गड आहेत.

बोलायला शिकवणारी एक मुलगी घरी येते. गोड आहे, सृष्टी नावाची. चित्रं दाखवून म्हणते, "काका, म्हणा, आं-बा." हे भिंतीकडे बघतात. ती मला बाहेर येऊन सांगते, "काकू, गळ्यात दोष नाही आता, आवाज निघू शकतो. काका मनावरच घेत नाहीत. जितका उशीर तितकं अवघड होईल." इतके महिने ह्या घरात माझाच आवाज आहे. मी भांडते मीच, आणि उत्तर देते तेही मीच. तुम्हाला माहीत आहे, मला गप्प बसणारा नवरा करायचा असता तर नोटांच्या प्रेसमधल्या त्या मुखदुर्बळ क्लार्कचं स्थळ होतं.

त्या दिवशी इंजिन सुरू झालं तेव्हा ह्यांच्या तोंडून "हं" निघालं. नुसतं "हं". पण ते ह्यांचंच, सुई जमली की काढायचे तसं. म्हणून मला हे विमान वर गेलेलं हवंय. ते वर गेलं तर हे काहीतरी बोलतील, एवढीच माझी आशा आहे आणि दुसरी कुठली नाही.

आता टाकीचं ऐका. तुमचं कार्ड आल्यावर मी स्क्रू ड्रायव्हर घेऊन बसले. विमानाचं पोट उघडलं, स्पंजात गुंडाळलेली टाकी बाहेर काढली, आणि बुचाला हात लावला तोच ह्यांनी पुन्हा माझं मनगट धरलं. मी म्हटलं, अहो, उघडायला नको का? मान हलवली, नाही. मग माझ्या डोक्यात उजेड पडला. ह्या माणसानं विमान बांधलं, प्लग बदलला, सुई बदलली, इंजिन खोलून तीन वेळा पुसलं, पण टाकी तशीच्या तशी उचलून बसवली. मी विचारलं, "कधीच उघडली नाहीत ना?" ह्यांनी बोट तुमच्या कार्डाकडे केलं.

टाकी तुमची आहे ना. विमान पडत राहिलं तरी चालेल, इंजिन म्हातारं ठरवू, पण यादवच्या खात्यात हात घालायचा नाही. काय म्हणावं तुम्हा दोघांना? मला रागही येतो आणि रडूही येतं.

आता सांगा, मी काय करू?

ललिता


२२ डिसेंबर २०२४

यादव भावजी,

ह्या वेळी कार्ड नाही, बंद पाकीट आलं, आणि वर पत्ता ह्यांच्या नावानं. मी फोडलं आणि ह्यांच्यासमोर बसून मोठ्यानं वाचलं. "दादा, टाकी उघडायला माझी हरकत नाही. वहिनींना उघडू दे. यादव." खाली सही आणि तारीखसुद्धा! रेल्वेतून रिटायर झालात, पण ना-हरकत दाखला द्यायची सवय काही गेली नाही.

हे हसले. भावजी, अर्ध्याच तोंडानं, पण खांदे हलेपर्यंत हसले. मग डाव्या हातानं टाकी माझ्याकडे सरकवली.

ओट्यावर नेऊन बूच काढलं. आत ती लवचीक नळी, टोकाला पितळी वजन असलेली, तेल असेल तिकडे लोळत जाणारी. लहान तेजस्विनी टाकी हलवून ते वजन खुळखुळवायची, आठवतं? ती नळी बुचातल्या पितळी नळीवर जिथे चढवली आहे, अगदी तिथे चीर आहे. तांदळाच्या दाण्याएवढी. विमान आडवं असलं की चीर तेलात बुडालेली, कुणाला पत्ता नाही. नाक वर गेलं की तेल मागे जातं, चीर उघडी पडते आणि इंजिन तेलाऐवजी हवा पितं. मग उपाशी मरतं बिचारं. मी वाटीत पाणी घेऊन फुंकून पाहिलं, बुडबुडे तिथूनच.

नळी इतकी कडक आणि पिवळी आहे की चीर जुनी असणार. लाल विमानातही असेल. म्हणजे भावजी, टाकी तुमचीच होती.

ह्यांना ती चीर दाखवलेली नाही. त्यांची माझ्याकडे पाठ होती, आणि मी नळी पदराच्या गाठीत बांधली. त्यांना सांगायचं तर तुम्ही सांगा. ते माझं खातं नाही.

आता नवीन नळी चढवली आहे आणि बुडबुडे बंद झालेत. पण काम अर्धंच झालंय. सुई लावायची राहिली. तुम्ही दोघं ती कशी लावायचात ते मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून शंभरदा पाहिलंय. तुम्ही विमान दोन्ही हातांनी आभाळाकडे धरून उभे, तोंड वळवलेलं, एरंडेलाचा फवारा शर्टावर, आणि हे उकिडवे बसून कान लावून, "थांब, अजून एक खट." नाक वर असताना जो आवाज टिकेल तोच खरा, असं हेच सांगायचे. तुम्ही गेल्यावर ह्यांनी सुई कायम जमिनीवर लावली. कारण विमान वर धरायला माणूसच उरला नाही. मी म्हटलं होतं एकदा, मी धरते. तर म्हणाले, "तुझं काम नाही ते." मला तेव्हा वाटलं, बाईमाणूस म्हणून म्हणाले. आता कळतं की ती जागा रिकामी ठेवली होती.

रविवार, १९ जानेवारी. संक्रांत उलटून गेली की आभाळातला मांजाही कमी होतो. सिन्नरच्या अलीकडे भिकाआबांचं रान मोकळं आहे, कॅम्पाजवळ आता काही उडवता येत नाही. सकाळी निघू. मी विनवण्या करणार नाही. दया वाटत असेल तर येऊ नका. विमान धरायला येणार असाल तर जुना शर्ट घालून या.

ललितावहिनी


२० जानेवारी २०२५

यादव भावजी,

काल तुम्ही गाडीत बसलात आणि मी घरी येऊन लिहायचं ठरवलं. फोनवर तुम्ही नुसते "हं, हं" करता. आणि काल तुमचं सगळं लक्ष आभाळात होतं, रिमोटवर दोन्ही अंगठे. खाली काय झालं ते तुम्ही पाहिलंच नाही. म्हणून सांगते.

आधी तुम्ही पाहिलंत त्यातलंच थोडं. तुम्ही बांधावरून येताना दिसलात, तोच निळा चौकड्यांचा शर्ट, पोटावर बटणं ताणलेली. ह्यांनी तुम्हाला पाहिलं आणि लगेच विमानाकडे पाहिलं. तुम्हीही विमानाकडेच पाहिलंत. मी मनात म्हटलं, वाहवा, आता दोघं विमानाशी बोला. मग तुम्ही प्लॅस्टिकच्या खुर्चीपाशी उकिडवे बसलात आणि विमानाच्या चाकांकडे बघत म्हणालात, "दादा, टाकी माझीच होती. नळी मी जुनी वापरली होती. नवी आणायचा कंटाळा केला." ह्यांनी तोंड फिरवलं. तुम्हाला वाटलं असेल, अजून राग आहे. तुमचा चेहरा तेव्हा दहावीत नापास झालेल्या पोरासारखा झाला होता.

मग इंजिन सुरू झालं. तुम्ही विमान आभाळाकडे धरलंत. मी सुईला हात घातला, आणि हे खुर्चीत डोळे मिटून. डावं बोट वर, एक खट. दोन बोटं, दोन खटी. आवाज चढला, चढला, मग मूठ मिटली. थांब. नाक वर, आवाज सरळ, एकाही बुडबुड्याशिवाय. तिघं मिळून एक सुई लावत होतो. तेवढा वेळ मला ह्यांच्या आजाराची आठवणसुद्धा झाली नाही.

आता तुम्ही न पाहिलेलं. पिवळं विमान सुटलं, धावलं, उठलं. ह्यांनी माझं मनगट धरलं, पण ह्या वेळी व्रण उठेल असं नाही. विमान चढायला लागलं. ती जागा आली जिथे दर वेळी चिरकायचं. भिकाआबांनी टोपी काढून हातात घेतली. आवाज चिरकला नाही. तसाच वर गेला, उन्हात पंख पिवळेधमक, आणि आबा ह्यांच्याकडे वळून ओरडले, "जयरामा, लय वर गेलं रे तुझं पाखरू! आता नाय पडत ते!"

तेव्हा हे बोलले. पहिल्यांदा नुसते ओठ हलले. मी वाकले. मग आवाज आला, घोगरा, तुटका, गंजलेलं फाटक उघडावं तसा.

"सुई... माझी."

मी म्हटलं, काय? काय म्हणालात?

"माझी... सुई." आणि आभाळातल्या विमानाकडे बोट करून, मग तुमच्या पाठीकडे बोट करून, पुन्हा एकदा, स्पष्ट. "माझी."

ह्यांच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि मी पुसलं नाही, कारण माझ्याही गळत होतं. सृष्टी इतके महिने आंबा म्हणायला सांगत होती. ह्यांना आंबा म्हणायचाच नव्हता. त्या सव्वीस जानेवारीपासून घशात अडकलेली कबुली ती हीच.

तेल संपल्यावर तुम्ही विमान हरभऱ्याच्या कडेला हळूच उतरवलंत आणि पळत येऊन विचारलंत, "वहिनी, दादा काहीतरी बोलला का?" मी म्हटलं, "छे, थंडी वाजतेय म्हणून खुणावताहेत." ह्यांनी माझा हात दाबला होता, सांगू नको म्हणून. तिथल्या तिथे ऐकलं त्यांचं. पत्रात सांगणार नाही असा शब्द मी कुणाला दिलेला नाही.

आज सकाळी सृष्टी आली. मी तिला म्हटलं, आंब्याची चित्रं राहू देत. तिच्यासमोर ह्यांनी टाकी म्हटलं, नळी म्हटलं. मग जरा थांबून "यादव" म्हणायचा प्रयत्न केला, तो "याव" झाला. अजून एक खट हवी आहे.

तर भावजी, आता माझी पंचाईत अशी आहे. तुम्ही म्हणता टाकी माझी, हे म्हणतात सुई माझी. ती चिरलेली नळी अजून माझ्या पदराच्या गाठीत आहे, पण ह्यांच्यापुढे ती काढली तरी हे ऐकायचे नाहीत. अकरा वर्षं "तुझी, तुझी" म्हणून भांडलात. आता "माझी, माझी" म्हणून भांडा, पण समोरासमोर बसून. ह्यांचं अजून एकच वाक्य तयार आहे, तेव्हा पहिले काही रविवार तुम्हीच जिंकाल.

सकाळची गाडी तुम्हाला आता सापडली आहे. पोहे करून ठेवते.

ललितावहिनी